पावसाची जमा, पिकांचा खर्च

पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील काही गावांत परतीचा पाऊस ओसरला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो; म्हणजे शिवारात किती पाणी पडले, किती मुरले, किती वाहून गेले आणि उरलेल्यात रब्बीची कोणती पिके किती क्षेत्रावर निघतील, याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने हा रिवाज अंगवळणी पाडला आणि जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावाने शेतीसाठी कूपनलिका घेण्यास, तसेच ऊस व केळी लावण्यास बंदी घातली.

जमेची बाजू वरवर मोठी दिसते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १० हजार लिटर पाणी. त्या हिशेबाने ४०० मिलिमीटर पावसाचे हेक्टरी ४,००० घनमीटर होतात. त्यातला बराच भाग उन्हाने आणि खरिपाच्या पिकांनी घेतलेला असतो, काही ओढ्याने गेलेला असतो. भूगर्भात नेमके काय पोचले हे पाहण्यासाठी निरीक्षण विहिरींत टेप सोडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतात आणि पावसाळ्यापूर्वीच्या मोजणीशी ताडून पाहतात. चढलेली पातळी म्हणजे तेवढे पाणी नव्हे, कारण दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी धरणारी आणि सोडणारी पोकळी बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या घरातच असते. दोन टक्के धरले, तर पातळी तीन मीटर चढूनही हाती येतो तो सहा सेंटीमीटरचा थर, आणि सहा सेंटीमीटर म्हणजे पिकाला दिलेले साधारण एक पाणी. तुडुंब विहीर पाहून कांद्याची रोपे टाकणाऱ्या शेतकऱ्याला ही एक ओळ समजावून सांगणे, हे या साऱ्या कामातील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

खर्चात पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. माणशी दररोज ५५ लिटर धरल्यास हजार वस्तीला वर्षाकाठी सुमारे २० हजार घनमीटर लागते, आणि त्यामागोमाग जनावरे येतात. उरलेल्यावर पिकांची वाटणी होते. गव्हाला सहा पाणी आणि खोल काळ्या जमिनीतील ओलीवर वाढणाऱ्या शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, दोन संरक्षित पाणी धरले, तर एका हेक्टर गव्हाच्या पाण्यात तीन हेक्टर शाळू निघतो. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी तर धान्याबरोबर कडबाही देते. तरीही बाजारभावाच्या ओढीने राज्यातील ज्वारीचे क्षेत्र वर्षानुवर्षे घटत आले. ताळेबंदात पाण्याचे रकाने असतात, पण गावाला वर्षभर किती धान्य आणि किती वैरण लागेल याचा रकाना सहसा नसतो, ही उणीव गंभीर आहे, कारण चारा संपला की आधी दावणी रिकाम्या होतात.

हवामानातील बदलाने या पद्धतीचा पायाच हलवला आहे. वर्षाची बेरीज सरासरीइतकी भरते, पण पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मधले खंड लांबतात. धो धो पडलेले पाणी मुरण्याआधीच निघून जाते आणि खंडात खरिपालाच विहिरीचे पाणी द्यावे लागते, म्हणजे रब्बीचा साठा मोजणीपूर्वीच खर्ची पडतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून मराठवाडा, विदर्भ आणि लगतच्या भागांतील सुमारे ५ हजार गावांत राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने बसवलेल्या पद्धतीत म्हणूनच रोजचा पाऊस, जमिनीची खोली आणि पोत लक्षात घेऊन हिशेब केला जातो. हा बदल योग्य दिशेचा आहे. मात्र ऑक्टोबरचा आकडा फळ्यावर लिहून तिथेच सोडला तर तो जानेवारीत शिळा ठरतो, त्यामुळे शाळू पोटरीत असताना त्याच विहिरींत पुन्हा टेप सोडावा लागतो आणि उन्हाळी पिकांना परवानगी द्यायची की नाही, हे त्या दुसऱ्या मोजणीनंतरच ठरवावे लागते.