मोबाईलवरील चौकशी आणि व्यापाऱ्याची पत

कापडाच्या धंद्यात भांडवलापेक्षा पत मोठी, हे आमच्या व्यापारी बांधवांना नव्याने सांगण्याची गरज नाही. सूत उधारीवर येते, माल उधारीवर जातो आणि मधल्या साठ दिवसांत आपण काय विचारतो, कोणाकडे विचारतो, यावर बाजाराची नजर असते. जुने लोक उगाच रुमालाखाली बोटे धरून सौदा करीत नव्हते. आज तीच चौकशी आपण मोबाईलवर करतो आणि समजतो की गोष्ट आपल्या व मोबाईलच्या दरम्यानच राहिली. ती तशी राहत नाही. मागच्या वर्षी याची किंमत आम्ही स्वतः मोजली, म्हणून हा लेख.

हकीकत अशी. आमचे थोडे यंत्रमाग आहेत, जुने, साधे. ते काढून रॅपियर माग बसवावेत असा विचार घरात चालला होता. त्यासाठी जुने माग भंगारात काय भावाने जातात आणि नव्यांसाठी कर्ज कसे मिळते, हे दोन-तीन रात्री मोबाईलवर पाहिले. आठवड्याभरात आमचे एक सूतवाले पेढीवर आले. चहा झाला. कापसाच्या भावाची एक बातमी दाखवावी म्हणून आम्ही मोबाईल त्यांच्या हातात दिला. बातमीच्या वर जाहिरात : ‘बंद माग विकायचे आहेत? रोख रक्कम.’ खाली दुसरी : ‘व्यवसाय अडचणीत? तातडीचे कर्ज.’ त्यांनी मोबाईल परत केला आणि विचारले, “शेठ, सगळे खैरियत ना?” आम्ही हसून हो म्हटले. पुढच्या गाडीला निरोप आला की या वेळी माल रोखीने घ्या. साठ दिवसांची उधारी पुन्हा सुरू व्हायला तीन महिने गेले. वाढवायला निघालो होतो तो धंदा, बाजारात बोलबाला झाला बुडाल्याचा.

त्या जाहिराती तिथे आल्या कशा, हे आमच्या भाच्याने समजावून दिले. तो संगणकाचे शिकला आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो आणि मराठी बाजारात, तेव्हा त्याचे सांगणे आम्ही आमच्या भाषेत मांडतो.

इंटरनेटवरचे एक पान म्हणजे एका ताग्याचे कापड नव्हे, ती गोधडी असते. मजकूर एका ठिकाणाहून येतो, चित्रे दुसरीकडून, जाहिरातीचे तुकडे तिसरीकडून. आपण एकाच दुकानात शिरलो असे वाटते, पण त्याच क्षणी पाच-पंचवीस तिऱ्हाईतांना वर्दी जाते. हे तिऱ्हाईत आपल्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवतात, तिच्यावर एक नंबर असतो. या चिठ्ठीला कुकी म्हणतात. मूळ कुकी 1994 साली नेटस्केप कंपनीत निघाली आणि तिचे काम साधे होते : गिऱ्हाईक दुसऱ्या पानावर गेले तरी त्याच्या पिशवीत काय आहे ते दुकानाला आठवावे. जाहिरातवाल्यांनी तिचा दुसरा उपयोग शोधला. भंगारवाल्याच्या पानावर त्यांचा तुकडा, कर्जवाल्याच्या पानावर त्यांचाच, बातमीच्या पानावरही त्यांचाच. तिन्ही ठिकाणी तोच नंबर दिसला की त्यांना कळते, हा मनुष्य माग विकायला निघालेला आहे. त्यांना आमचे नाव माहीत असण्याची गरजच नाही.

चिठ्ठी फेकून दिली तरी सुटका होतेच असे नाही. पडदा किती मोठा, भाषा कोणती, घड्याळ कुठल्या देशाचे, संगणकात फॉन्ट कोणते, अशा बारीक खुणा एकत्र केल्या की माणूस ओळखू येतो, जसा चालीवरून लांबूनच ओळखू येतो. आमच्या पेढीच्या संगणकावर उर्दूसाठी नस्तालीकचे फॉन्ट आहेत आणि मराठीचेही. भाचा म्हणाला, “मामू, हजारांत तुम्हीच उठून दिसाल.”

मग ब्राउझर बदलण्याचा प्रश्न आला. ब्राउझर म्हणजे आपला निरोप्या : आपण सांगू ते पान तो आणून देतो. निरोप्या ठेवताना आपण पहिली गोष्ट काय पाहतो? त्याचा पगार कोण देतो. बहुतेकांच्या मोबाईलवर असलेला क्रोम 2008 साली गूगलने काढला, आणि गूगलची मुख्य कमाई जाहिरातीची. तिऱ्हाईतांच्या कुकी बंद करू, असे गूगलने 2020 मध्ये जाहीर केले होते. मुदती पुढे सरकत गेल्या आणि 2024 मध्ये तो बेत सोडून देण्यात आला. ॲपलच्या सफारीने मात्र 2020 मध्येच या कुकी बंद केल्या.

येथे ‘इन्कॉग्निटो’ या खिडकीबद्दल सांगितले पाहिजे, कारण कित्येक बांधव तिच्यावर एतबार ठेवून आहेत. आम्हीही ठेवून होतो. त्या खिडकीने आपल्या मोबाईलवरची नोंद पुसली जाते, म्हणजे घरातल्यांना किंवा दुकानातल्या पोराला दिसत नाही, इतकेच. बाहेरच्यांना दिसायचे ते दिसतेच. यावरून अमेरिकेत 2020 मध्ये गूगलवर दावा झाला आणि 2024 मध्ये तडजोडीत कंपनीने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कबूल केले.

आम्ही दोन ब्राउझर वापरून पाहिले. पेढीच्या संगणकावर फायरफॉक्स, मोबाईलवर ब्रेव्ह. दोन्ही फुकट. फायरफॉक्स मोझिला या संस्थेचा, 2004 पासून आहे. 2022 पासून तो प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो, एका दुकानाची चिठ्ठी दुसऱ्या दुकानात वाचता येत नाही. ब्रेव्ह कंपनी 2015 मध्ये ब्रेंडन आईक यांनी काढली. संकेतस्थळांना हालचाल देणारी जावास्क्रिप्ट भाषा 1995 मध्ये याच गृहस्थांनी बनवली होती. ब्रेव्ह जाहिरातीचे व पाळतीचे तुकडे पान उघडण्यापूर्वीच अडवतो, आणि वर सांगितलेल्या बारीक खुणाही थोड्या बदलून दाखवतो. त्याच्या आतले यंत्र क्रोमचेच आहे, क्रोमियम नावाचे. माग तोच, कारखानदार वेगळा. म्हणून बहुतेक पाने त्यात नीट चालतात.

महिन्याभराचा अनुभव सांगतो. पत्त्याच्या पट्टीत सिंहाचे तोंड दिसते, ते दाबले की किती तुकडे अडवले याचा आकडा येतो. बातमीच्या एकेका पानावर वीसच्या वर आकडा पाहून आम्ही चकित झालो. पान लवकर उघडते. भंगाराच्या भावाची चौकशी पुन्हा मुद्दाम केली आणि आठ दिवस वाट पाहिली, जाहिरात मागे आली नाही. अडचणी आल्या त्या अशा : एका बँकेचे पैसे भरण्याचे पान अर्धवट उघडले, आणि एका ठिकाणी कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरेच दिसेनात. सिंह दाबून तेवढ्या संकेतस्थळापुरती अडवणूक बंद केली की काम होते. पैसे भरण्याच्या मध्येच हा प्रयोग करू नये, आधी करून पाहावा.

हे नवे निरोपेही कोणी फरिश्ते नव्हेत. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच येतो, कारण फायरफॉक्समध्ये शोधासाठी पहिले नाव गूगलचे ठेवलेले असते. 2020 मध्ये ब्रेव्ह पकडला गेला. आभासी चलनाच्या एका बाजाराचा पत्ता टाईप केला की तो आपल्या दलालीचा कोड त्यात घालीत होता. बोभाटा झाल्यावर माफी मागून ते बंद केले. डकडकगो या तिसऱ्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या काही तुकड्यांना वाट मोकळी असल्याचे 2022 मध्ये एका बाहेरच्या संशोधकाने दाखवले. मग तीही बंद झाली. आमच्या मते दलाल कमिशन घेतो यात गैर नाही, तो कोणाकडून घेतो हे माहीत असावे. जाहिरातीवर जगणाऱ्यापेक्षा आम्हाला हे बरे वाटले.

आता ब्राउझर काय करीत नाही तेही ऐका, कारण येथेच फसगत होते. गूगलच्या खात्यात प्रवेश करून त्याच्यावरच शोध घेतला तर गूगलला तो कळतोच, ब्राउझर कोणताही असो. आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला साधारणपणे दिसू शकते. इतर ॲप आपापली पाळत वेगळी ठेवतात, त्यांच्यावर ब्राउझरचा हुकूम चालत नाही. आणि कोणी फोनवर गोड बोलून ओटीपी मागितला व आपण दिला, तर जगातला कोणताही ब्राउझर पैसे परत आणणार नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी 2017 मध्ये म्हटले आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 मध्ये केला. पण दुकानाचे शटर शेवटी आपल्यालाच ओढावे लागते.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी ब्राउझर प्ले स्टोअरमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. व्हॉट्सॲपवर कोणी फाईल पाठवली तर ती उघडू नये. जुना ब्राउझर काढून टाकण्याची घाई नको. आम्ही कामे वाटून दिली आहेत : सुताचे भाव, यंत्रे, कर्ज, आजारपण, जी काही चौकशी असेल ती नव्या ब्राउझरवर, आणि त्यात कोणत्याही खात्यात प्रवेश करायचा नाही. मुनीमजींच्या संगणकावर जुनाच ब्राउझर आहे. जीएसटी, ई-वे बिल आणि बँक तिथे चालते, दुसरे काही नाही. मुनीमजींना त्यावर क्रिकेट पाहण्याची सवय होती, ती मात्र अजून सुटलेली नाही.