मनगटावरील धातूची पट्टी

लठ्ठपणा कमी करण्यासाठीं जठरावर जी शस्त्रक्रिया करतात, ती करावी कीं न करावी याविषयीं मी आज बोलणार नाहीं. तो ज्याचा त्यानें आपल्या डॉक्टरांशीं बसून ठरविण्याचा प्रश्न आहे. मला बोलावयाचें आहे तें ती झाल्यानंतर मनगटावर बांधावयाच्या एका लहानशा पट्टीविषयीं. मी डॉक्टर नव्हे, निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु आमच्या घरांत घडलेल्या एका प्रसंगानें मला या विषयाचा विद्यार्थी होणें भाग पडलें.

माझ्या पुतण्यावर सहा वर्षांपूर्वीं 'गॅस्ट्रिक बायपास' नांवाची शस्त्रक्रिया झाली. वजन उतरलें, प्रकृति सुधारली, आणि शस्त्रक्रियेची आठवणही घरांत कोणी काढीनासें झालें. पुढें तीन वर्षांनीं एका सायंकाळीं दादर स्थानकाच्या जिन्यावर त्याच्या पोटांत एकाएकीं कळ उठली, ओकाऱ्या झाल्या आणि घेरी येऊन तो पडला. भल्या माणसांनीं त्याला एका रुग्णालयांत पोंचविलें. तेथील तरुण डॉक्टरांनीं पाहिलें: पोट फुगलेलें, ओकाऱ्या थांबत नाहींत, रोगी धड बोलूं शकत नाहीं. अशा वेळीं नाकावाटे नळी घालून जठर रितें करावें, असें त्यांना शिकविलेलें. आणि त्यांनीं नळी मागविली. यांत त्यांचा कांहींच दोष नव्हता. इतक्यांत रोग्याच्या खिशांतला मोबाइल वाजला. कुलूपबंद मोबाइलवर दुसरें कांहीं करतां येत नसलें तरी आलेला फोन घेतां येतो. परिचारिकेनें तो घेतला. पलीकडे आमची सूनबाई होती. तिनें शस्त्रक्रियेचें नांव सांगितलें, आणि नळी बाजूला ठेवली गेली.

हें नळीचें प्रकरण काय आहे तें थोडें विस्तारानें सांगतों. १९६७ सालीं अमेरिकेंत आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन व चिकाशी इतो यांनीं या शस्त्रक्रियेचें मूळ रूप प्रसिद्ध केलें. आज ती करतात ती अशी: जठराचा वरचा अगदीं लहान भाग, सुमारें ३० मिलिलिटर मावेल एवढा, वेगळा करून त्याची पिशवी बनवितात, आणि लहान आंतड्याचा एक फांटा वर आणून त्या पिशवीला जोडतात. आंतड्याची जोडणी इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दिसते. सेझार रू या स्विस शल्यवैद्याचें नांव तिला चिकटलें आहे. मोठें जठर शरीरांत तसेंच राहतें, पण अन्नाच्या वाटेवर तें उरत नाहीं. आतां नळी घालणारा हात नेहमींच्या अंदाजानें नळी पुढें सारतो. पुढें प्रशस्त जठर आहे अशी त्याची समजूत. प्रत्यक्षांत तेथें दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी आणि एक सांधा. न पाहतां रेटलेली नळी तेथें भोंक पाडूं शकते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत हा धोका विशेष. वर्षें लोटल्यावर तो किती उरतो याविषयीं शल्यवैद्यांचें एकमत नाहीं. परंतु नळी घालावयाची तर माहिती असतांना, जपून आणि शक्य तर क्ष-किरणांनीं पाहून घालावी, एवढें बहुतेक मान्य करतात.

कोणी म्हणेल, पोटावरचा व्रण पाहून डॉक्टरांस कळणार नाहीं काय? पूर्वीं कळलें असतें. बेंबीपर्यंत उतरणारा टाक्यांचा व्रण स्वतःच साक्ष देई. आतां दुर्बिणीनें होणारी शस्त्रक्रिया सेंटिमीटरभराच्या पांच-सहा छिद्रांतून होते, आणि वर्षा-दोन वर्षांत तीं छिद्रें ओळखूंही येत नाहींत. विद्येची प्रगति अशी कीं तिनें आपला पुरावाच पुसून टाकला.

पुतण्याचें दुखणें निराळेंच निघालें. शस्त्रक्रियेनंतर पोटांतील पडद्यांमध्यें ज्या फटी राहतात, त्यांतल्या एकींत आंतडें शिरून अडकलें होतें. वजन उतरलें, चरबी झडली, कीं या फटी रुंदावतात. म्हणून हा प्रकार वर्षांनंतरही होतो. वरून पोट चांचपून तो सहसा उमगत नाहीं. ठाऊक असणारा डॉक्टर लगेच सी. टी. चित्र काढवितो, ठाऊक नसणारा अपचन म्हणून वाट पाहतो, आणि तेवढ्यांत आंतड्याचा रक्तपुरवठा तुटूं शकतो. त्याच रात्रीं शस्त्रक्रिया होऊन तो वांचला.

आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घरोघरीं डब्यांत असतात. या लोकांच्या सांध्यावर त्यांनीं व्रण पडून रक्तस्राव होऊं शकतो. गोडधोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनीं कांहींची रक्तांतील साखर एकदम उतरते आणि माणूस बरळूं लागतो. पाहणाऱ्यास तो प्यालेला वाटतो. ओकाऱ्या फार दिवस चालल्या तर 'ब-१' जीवनसत्त्वाचा सांठा संपतो, आणि अशा वेळीं तें न देतां नुसतें ग्लूकोज शिरेंतून चढविलें तर मेंदूस इजा होण्याचें भय असतें.

मनगटावर पट्टी बांधण्याची ही कल्पना अमेरिकेंतलीच. १९५३ सालीं कॅलिफोर्नियांतील टर्लॉक गांवीं डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला धनुर्वाताच्या प्रतिविषाच्या चांचणीनें जीवघेणी बाधा झाली. पुन्हां असें होऊं नये म्हणून आईबापांनीं प्रथम कागदी पट्टी व चिठ्ठी वापरली, पुढें धातूचें कडें आलें, आणि १९५६ सालीं त्यांतून 'मेडिकअलर्ट' ही संस्था निघाली.

आमच्या घरीं मात्र या पट्टीवरून वाद झाला. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आपल्या पोराची चिरफाड झाली हें जगाला दाखवीत का फिरायचें? त्यापेक्षां ताईत बरा." त्यांचें म्हणणें मला अगदींच टाकाऊ वाटलें नाहीं. लठ्ठ माणसाची टवाळी करणारे लोक त्यानें शस्त्रक्रिया केली म्हणूनही त्याची टवाळी करतात. तोड अशी निघाली कीं मजकूर पट्टीच्या आंतल्या बाजूस कोरावा व वरच्या बाजूस फक्त वैद्यकाचें चिन्ह असावें. शुश्रूषा करणारा तें पाहून पट्टी उलटतोच.

मजकूर चार ओळींचा आहे, आणि कोणत्याही प्रांतांतल्या डॉक्टरास वाचतां यावा म्हणून इंग्रजींत आहे: नांव; 'आर. वाय. गॅस्ट्रिक बायपास', 'नो ब्लाइंड एन. जी. ट्यूब, नो एन. एस. ए. आय. डी.', आणि सूनबाईचा दूरध्वनि. ज्यांच्या जठराचा मोठा भाग कापून नुसती नळीसारखी बाही ठेवली आहे, त्यांचा मजकूर निराळा होईल. तो आपल्या शल्यवैद्याकडून लिहवून घ्यावा. शेजाऱ्याची पट्टी पाहून उतरवून घेऊं नये. एखाद्या औषधाचें वावडें असेल तर तेंही कोरावें. बाकी साऱ्या गोळ्यांची यादी पाकिटांतल्या कार्डावर पुरे. एम. आर. आय. तपासणीच्या आधीं पट्टी काढून ठेवावी लागते, आणि नंतर ती पुन्हां बांधावयाची राहून जाते, हा आमचा अनुभव.

मागल्या दिवाळींत सूनबाईनें दूरध्वनीचा क्रमांक बदलला, तेव्हां नवी पट्टी कोरून घेतली. जुनी वहिनींनीं देवघराच्या खणांत ठेवली आहे.