तापीकाठच्या मंडळ्या : वाढीचे दोन हिशेब

एकत्र उपासना करणारा, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार पाळणारा आणि आपल्या पाळकाच्या व वडीलवर्गाच्या देखरेखीखाली चालणारा ख्रिस्ती श्रद्धावंतांचा स्थानिक समुदाय म्हणजे मंडळी. अशा मंडळीच्या वाढीचा हिशेब दोन प्रकारे मांडता येतो. पहिला हिशेब सभासदांच्या नोंदवहीतून मिळतो. दुसरा मिळतो तो त्या सभासदांच्या प्रार्थनेतून, शास्त्राभ्यासातून, परस्परांतील वागणुकीतून आणि स्वतःची जबाबदारी स्वतः उचलण्याच्या तयारीतून. म्हणूनच तो मांडणे अवघड असते. सुरत शहर आणि तापीचे खोरे या प्रदेशातील दोनशे वर्षांचा प्रॉटेस्टंट इतिहास पाहिला असता हे दोन हिशेब क्वचितच जुळलेले दिसतात, आणि पहिला हिशेब हाच दुसऱ्याचा पुरावा मानला गेला तेव्हा नुकसान दोहोंचेही झाले, असे म्हणावे लागते.

सुरतेला ख्रिस्ती माणसांची ओळख धर्मप्रसारापूर्वीच झाली होती. जहांगीराच्या १६१३ च्या फर्मानानंतर स्थिरावलेली इंग्रजांची वखार, डचांचा व्यापार, अर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती आणि सतराव्या शतकातील फ्रेंच कॅपुचिन संन्याशांचे वास्तव्य यांमुळे या बंदरात ख्रिस्ती उपासना नियमित होत असे, आणि कतारगाम भागातील इंग्रज व डच दफनभूमींमधील भव्य थडगी त्या काळाची साक्ष देतात. तथापि ती परदेशी व्यापाऱ्यांची खासगी श्रद्धा होती. तिने स्थानिक मंडळी उभी केली नाही, आणि ईस्ट इंडिया कंपनीलाही १८१३ च्या सनदी कायद्यापर्यंत मिशनरी नकोच होते. बंगालमधील श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट मिशनचे अर्मेनियन वंशाचे कारापेट अरातून १८१२ च्या सुमारास येथे आले, आणि १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीच्या जेम्स स्किनर व विल्यम फाइव्ही यांनी कायमचे ठाणे मांडले. स्किनर १८२१ मध्ये निवर्तले, परंतु गुजराती बायबलचे भाषांतर आणि सुरतेतील मिशन छापखाना ही त्या पहिल्या पिढीची खरी कमाई होती. बाप्तिस्म्यांची संख्या मात्र तीन दशकांनंतरही नगण्यच राहिली. १८४० मध्ये स्थापन झालेल्या आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन महासभेने गुजरात हे आपले क्षेत्र निवडले, तिचे पहिले मिशनरी १८४१ मध्ये राजकोटला पोहोचले, आणि १८४६ मध्ये सुरतेचे ठाणे त्यांच्याकडे आले.

शहरातील या अल्प संख्येचे कारण प्रचारकांच्या उणिवेत शोधणे योग्य ठरणार नाही. सुरतेचे सामाजिक जीवन जातपंचायती आणि महाजन म्हणजे व्यापारी संघ यांनी घट्ट बांधलेले होते, आणि बाप्तिस्मा घेणारी व्यक्ती घर, पेढी, सोयरीक व वारसा या सर्वांना एकाच दिवशी मुकत असे. तरीही मिशन शाळा आणि छापखाना यांनी ज्या वादविवादाला तोंड फोडले, त्याचे पडसाद ख्रिस्ती वर्तुळाच्या बाहेर दूरवर उमटले. दुर्गाराम मेहताजी आणि त्यांचे सहकारी यांची मानव धर्म सभा १८४४ मध्ये याच शहरात निघाली. ती ख्रिस्ती नव्हती, किंबहुना मिशनऱ्यांच्या टीकेला उत्तर देणे हेही तिच्या प्रेरणांपैकी एक होते, पण धर्माची जाहीर चिकित्सा करण्याची सवय तिने सुरतेला लावली. आयरिश मिशनचे जोसेफ व्हान सोमरेन टेलर यांचे गुजराती व्याकरण आणि भक्तिगीतांचे काम हेही असेच नोंदवहीत न मावणारे आहे.

दक्षिण गुजरातचे चित्र बदलले ते १८९९-१९०० च्या दुष्काळाने. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे गुजराती माणूस त्याला ‘छप्पनियो’ म्हणतो. मिशनांच्या अनाथालयांत शेकडो मुले आली. पंडिता रमाबाईंनीही गुजरातमधील दुष्काळग्रस्त मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, आणि १९०५ मध्ये तेथे जे संजीवन घडले, म्हणजे सामूहिक पश्चात्ताप व प्रार्थना यांची जी लाट उसळली, ती मुख्यतः अशा निराधार मुलींच्या व विधवांच्या आश्रमातच उसळली. अन्नासाठी आलेली माणसे श्रद्धेत कच्चीच राहणार, हे सरसकट गृहीतक केडगावने खोटे ठरवले आहे.

याच सुमारास चर्च ऑफ द ब्रदरन हा अमेरिकी संप्रदाय या भागात आला. त्याचे मूळ १७०८ मधील जर्मनीत आहे. युद्धविरोध, साधी राहणी, तीन वेळा बुडवून दिला जाणारा बाप्तिस्मा आणि प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याचा विधी ही त्याची वैशिष्ट्ये. विल्बर स्टोव्हर व मेरी स्टोव्हर हे दांपत्य आणि बर्था रायन १८९४ मध्ये भारतात आले आणि वलसाडपासून सुरू झालेले काम पुढे अंकलेश्वर, व्यारा, डांगमधील आहवा आणि मराठी भाषक डहाणूपर्यंत पसरले. पाय धुण्याच्या विधीचा येथे मुद्दाम विचार केला पाहिजे. स्पर्शाच्या विटाळावर उभ्या असलेल्या समाजात, एका जातीतून आलेल्या सभासदाने दुसऱ्या जातीतून आलेल्या सभासदाचे पाय हातात घेऊन धुणे आणि पुसणे, ही कोणत्याही प्रवचनापेक्षा कठीण परीक्षा होती.

व्यारा, सोनगढ, मांडवी या पट्ट्यातील गामित, चौधरी, वसावा व कुकणा समाजांत मंडळ्या वाढल्या त्या कुटुंबा-कुटुंबांनी, सोयरिकीच्या वाटेने. मात्र या भूमीतील धार्मिक परिवर्तनाचे श्रेय एकट्या मिशनला देणे अनैतिहासिक होईल. १९२२ मध्ये पालघर किनाऱ्यावरील मच्छीमारांपासून निघालेली सलाबाई देवीची चळवळ डोंगर ओलांडून सुरत जिल्ह्यातील आदिवासींत पोहोचली. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, मद्यविक्रेत्यांच्या चाकरीला जाऊ नका, असे देवीचे आदेश अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून दिले जात. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे ही सावकार व मद्यविक्रेते यांच्या वर्चस्वाविरुद्ध आदिवासींनी स्वतः उभारलेली आत्मसन्मानाची चळवळ होती. व्यसनमुक्ती, स्वच्छता आणि ताठ मानेने जगणे यांची भूक येथे आधीच होती. ख्रिस्ती मंडळी, वेडछीचा गांधीवादी आश्रम आणि पुढे खानदेशात मोरवडच्या गुलाम महाराजांचा पंथ यांनी तिला वेगवेगळी उत्तरे दिली.

अशा सामूहिक वाटेचा शास्त्रीय अभ्यास भारतातच सुरू झाला. मेथडिस्ट जे. वास्कम पिकेट यांनी १९३३ मध्ये भारतातील सामूहिक धर्मांतरांची पाहणी प्रसिद्ध केली. दमोह येथे १८९७ मध्ये जन्मलेले आणि मध्य प्रांतात काम केलेले डोनाल्ड मॅक्‌गव्हरन यांनी १९५५ व १९७० च्या ग्रंथांतून ‘मंडळीवाढ’ हे अभ्यासक्षेत्रच उभे केले. त्यांच्या मते वाढ तीन प्रकारची असते : सभासदांच्या घरी मुले जन्मल्याने होणारी, दुसऱ्या मंडळीतून माणसे स्थलांतरित झाल्याने होणारी आणि नव्याने श्रद्धा स्वीकारल्याने होणारी. माणसांना जात, भाषा व वर्ग यांच्या भिंती न ओलांडता ख्रिस्ती होणे आवडते, म्हणून एकजिनसी गटांतच काम करावे, हे त्यांचे सर्वांत वादग्रस्त सूत्र होय. त्यांनी शिष्य करणे आणि शिष्याला परिपक्व करणे असे दोन टप्पे कल्पिले व पहिल्याला अग्रक्रम दिला.

निरीक्षण म्हणून हे सूत्र बरोबर आहे. तापीखोऱ्यातील नातेसंबंधांची वाट त्याला दुजोराच देते. धोरण म्हणून ते स्वीकारले की मात्र जात मंडळीत कायमची मुक्कामाला येते, आणि पाय धुण्याच्या विधीला अर्थ उरत नाही. याउलट पिकेट यांचा निष्कर्ष अधिक टिकाऊ आहे : माणसे कोणत्या हेतूने आली, यापेक्षा आल्यानंतर त्यांना किती शिक्षण, किती पाळकीय सोबत आणि किती नियमित उपासना मिळाली, यावर त्यांच्या श्रद्धेची प्रत ठरते. केडगावचा अनुभवही हेच सांगतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवल्यावाचून राहणार नाहीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, कीर्तन व भजन या देशी साधनांनी ख्रिस्तभक्तीला मराठी रूप दिले, आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एका बंधुत्वात बोलावले. गुजरातेत राजकोटचे मणिलाल पारेख (१८८५-१९६७) आणखी पुढे गेले. बाप्तिस्मा घेतल्यानंतरही मंडळीची संस्थात्मक चौकट व तिचे पाश्चात्त्य वळण त्यांनी नाकारले. टिळक १९१९ मध्ये गेले आणि दरबार टिकला नाही. पारेखांमागे समुदाय उभा राहिला नाही. संस्थेशिवायची साधना एका पिढीत विरते, हे मान्य करूनही असे म्हणता येईल की ख्रिस्तभक्ती पाश्चात्त्य संस्थात्मक चौकटीबाहेर जगता येईल का, हा या दोघांनी विचारलेला प्रश्न मंडळ्यांनी फार लवकर बाजूला ठेवला.

संस्थेचा भार किती जड होऊ शकतो, हे १९७० नंतर दिसले. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपूर येथे सहा संप्रदाय मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. आयरिश परंपरेच्या मंडळ्या आणि भारतातील ब्रदरन मंडळी तीत सामील झाल्या. हा ऐक्याचा मोठा क्षण होता. पण ब्रदरनांपैकी एका गटाला ते विलीनीकरण मान्य नव्हते, आणि विश्वस्त संस्थांच्या मालमत्तेचा वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाचे या संदर्भातील निर्णय २००५ व २०१३ मध्ये आले. विलीनीकरणाचा ठराव झाल्याने सार्वजनिक न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या मंडळीकडे जात नाही, असे दुसऱ्या निर्णयात ठरले. शांततावादी परंपरेतील दोन पिढ्यांची शक्ती अशी खर्ची पडावी, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

दरम्यान वाढीचे केंद्र जुन्या मिशन आवारांच्या बाहेर सरकले होते. तमिळनाडूतील फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँडसारख्या भारतीय संस्थांचे प्रचारक आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या डांग, सोनगढ, उच्छल या भागांत पोहोचल्या. पेंटेकॉस्टल म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर व दैवी आरोग्यदानावर भर देणारा प्रवाह. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाने येथील अनेक आदिवासी गावे बुडवली, लोक विस्थापित झाले, आणि दवाखाना दूर असलेल्या वस्त्यांत आजारी माणसाच्या खाटेभोवती होणारी प्रार्थना हेच मंडळीचे बीज ठरले. या मंडळ्यांत इमारत नसते, घर असते. उपास-प्रार्थना असते, रात्रभराची स्तुती असते, आणि नवरा दारू सोडतो तेव्हा त्या सुटकेची साक्ष सर्वप्रथम बाईच्या तोंडून निघते. विद्वानांनी या भावनिकतेकडे नाक मुरडण्याची घाई करू नये. मात्र पाळकाचे प्रशिक्षण अपुरे असेल आणि प्रार्थनेने बरा न झालेल्या माणसाच्या दुःखाला मंडळीपाशी उत्तर नसेल, तर अशी माणसे जितक्या लवकर येतात तितक्याच लवकर गळतात.

येथे संख्येचा प्रश्न राजकीय बनतो. २०११ च्या जनगणनेनुसार गुजरातेत ३,१६,१७८ ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या ०.५२ टक्के. हे प्रमाण इतके अल्प असूनही १९९८ च्या नाताळात डांगमधील प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले, आणि जानेवारी १९९९ मध्ये तेथे गेलेल्या पंतप्रधान वाजपेयींनी धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चेची हाक दिली. गुजरातच्या २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी सक्तीची केली. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती विवाहांपर्यंत वाढवली, आणि तिच्या काही कलमांना उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली. शिवाय धर्मांतरानंतर अनुसूचित जातीचा दर्जा जातो, अनुसूचित जमातीचा जात नाही, या भेदामुळे कागदावरची ओळख आणि रविवारची ओळख यांत अंतर पडते. अशा परिस्थितीत बाप्तिस्म्यांचे आकडे अभिमानाने छापणारी मंडळी आपल्याच दुर्बल सभासदांना धोक्यात घालते, आणि आकड्यांनी घाबरणारा समाज त्या माणसांच्या विवेकाला नाकारतो.

सुरत शहरातील आजची वाढ मॅक्‌गव्हरनांच्या दुसऱ्या प्रकारात, स्थलांतराच्या वाढीत, मोडते. कापड आणि हिऱ्याच्या धंद्याने देशभरची माणसे येथे ओढली. मल्याळी, तमिळ, हिंदी व गुजराती उपासनांबरोबर उधना, लिंबायत, डिंडोली या खानदेशी वस्त्यांत मराठीही ऐकू येते. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेली ताप्ती व्हॅली रेल्वे बारडोली, व्यारा, सोनगढवरून नवापूरला पोहोचते, जेथील स्थानकातूनच दोन राज्यांची सीमा जाते. या एकाच लोहमार्गावर गामित-कुकणा मंडळ्या आणि नंदुरबार जिल्ह्यातील मराठी-मावची मंडळ्या ओवल्या गेल्या आहेत. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयानेही याच पट्ट्यात अनेक दशके सेवा केली आहे.

गावात घरची प्रार्थना आजी चालवत असे आणि गीत आपल्या बोलीत असे. शहरात बारा तासांची पाळी संपवून भाड्याच्या खोलीत परतणाऱ्या तरुणाला ते दोन्ही नसते, म्हणून तो मोठ्या मंडळीच्या ध्वनिक्षेपकासमोरचा एक श्रोता होतो. अशा मंडळीत उपस्थिती वाढते, परंतु प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण, शास्त्राभ्यासाचे लहान गट आणि वर्गणीतून पाळकाचे वेतन देण्याची शिस्त मागे पडते. ज्या मंडळ्या यावर काम करताहेत, त्या खोली-खोलीतून आठवडी सभा भरवतात, स्त्रियांना वचन समजावण्याचे प्रशिक्षण देतात आणि परभाषक शेजाऱ्याबरोबर एका मेजावर प्रभुभोजन घेतात. गावातील वडील आणि शहरातील तरुण यांचा दुवा सध्या बहुतांशी नाताळ व ईस्टरच्या सुटीत घरी जाण्यापुरताच उरला आहे. व्यारा आणि नवापूरच्या मंडळ्यांनी आपल्या स्थलांतरित सभासदांची नावे सुरतेतील पाळकांना कळवणे, आणि सुरतेच्या मंडळ्यांनी त्यांच्यासाठी बोलीतील उपासनेची वेळ राखणे, ही दोन कामे कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता आजच सुरू होऊ शकतात.