मूल्य सापडलं नाही तर काय करायचं?

मित्रहो, तत्त्वज्ञानाचा मास्तर जावावर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. रास्त आहे. पण निवृत्तीनंतर आम्ही चौघांनी एका वाचनालयाच्या हस्तलिखितांच्या सूचीसाठी जावात छोटा प्रोग्राम लिहिला, त्यातली ही गोष्ट.

रोजच्या नोंदींची प्रत कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची, ते आम्ही प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहिलं होतं. जावाची गेटप्रॉपर्टी ही मेथड दोन गोष्टी घेऊ शकते: नाव, आणि ते सापडलं नाही तर वापरायचं मूल्य. दुसऱ्या जागी आम्ही तात्पुरत्या फाइलींचा टीएमपी फोल्डर दिला होता. फाइलमध्ये नाव लिहिताना एक अक्षर गळलं. प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही. नाव नाही ना, मग टीएमपी! मशीन रीस्टार्ट झालं की तो फोल्डर साफ. पुढे डिस्क बिघडली, प्रत शोधायला गेलो, तर तीन महिन्यांच्या नोंदी गायब. चूक सर्वस्वी आमची.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. 'नाही' हे कळणं हेही ज्ञानच. आमच्या प्रोग्रामने ते ज्ञान गिळून टाकलं होतं.

मग आम्ही टाइपसेफ कॉन्फिग ही लायब्ररी घेतली. हलकी आहे, निव्वळ जावात लिहिलेली, दुसऱ्या कुठल्या लायब्ररीवर विसंबत नाही. हिच्या गेटस्ट्रिंगला ती दुसरी जागाच नाही. नाव सापडलं नाही, तर सरळ एक्सेप्शन. ठरावीक मूल्यं 'रेफरन्स डॉट कॉन्फ' या एकाच फाइलमध्ये लिहायची. 'ॲप्लिकेशन डॉट कॉन्फ'मध्ये लिहिलेलं त्यावर मात करतं, आणि प्रोग्राम सुरू करताना दिलेली सिस्टिम प्रॉपर्टी दोन्हींवर. शिवाय वेळ लिहिताना आकड्यापुढे सेकंद की मिनिटं तेही लिहिता येतं; नुसत्या '१०'चा अर्थ लावत बसायला नको.

पण सावध! रेफरन्समध्ये मूल्य असेल आणि ॲप्लिकेशनमध्ये नाव चुकलं, तर इथेही गुपचूप रेफरन्सचंच मूल्य मिळतं. म्हणून प्रतीच्या फोल्डरचं नाव आम्ही रेफरन्समध्ये मुद्दाम घातलंच नाही, आणि प्रोग्राम सुरू होताच सगळ्यात आधी तेच वाचतो. चुकलं असेल, तर सकाळी वाचनालयातून फोन येतो, "सर, चालूच होत नाहीये." आम्ही म्हणतो, "उत्तम. आता फाइल उघडा."