फोल्डर उडाला नव्हता, शेजारच्या फोल्डरात जाऊन बसला होता



विषय बघून काही जण म्हणतील, "सर, आउटलुकमधले फोल्डर हा काय बिझनेसचा विषय झाला? मार्केटिंगवर बोला, लोनवर बोला." बोलू ना. पण जानेवारीतला एक फोन आधी सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

फोन भोसरीहून. आपल्या एका बॅचला होते हे दादा. टर्निंगचं जॉबवर्क करतात, दोन सीएनसी, नऊ माणसं, उद्यम नोंदणी केलेली. आवाज तापलेला.

"सर, एका पार्टीने ३ लाख ६० हजारांचं बिल अडकवलंय. माल देऊन दोन महिने झाले. मला एक कडक मेल लिहून द्या. तुम्हीच शिकवलंय ना, ४५ दिवसांच्या वर गेलं की व्याज लागतं म्हणून. लावतोच आता."

शिकवलंय, खरं आहे. एमएसएमईडी कायदा, २००६. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे, आणि काहीही ठरवलं तरी ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे जाता कामा नये. गेली तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. पण कडक मेल लिहिण्याआधी मी नेहमी एक प्रश्न विचारतो, तोच विचारला.

"मालाबद्दल त्यांची काही तक्रार आली होती का?"

"एकही नाही सर. तक्रारींचा फोल्डरच वेगळा ठेवलाय मी. रोज बघतो. रिकामा आहे."

दोन महिने रिकामा? टर्निंगच्या धंद्यात? मला जरा शंका आली. मी म्हटलं, स्क्रीन शेअर करा बघू.

मागची हकीकत अशी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही. आपल्यातल्या पुष्कळांनी त्या सुमारास धावपळ करून नवीन ऑफिस टाकून घेतलं. दादांनीही. पीसी तोच, फक्त ऑफिस नवीन. कॉम्प्युटरवाला आला, तासाभरात काम केलं, गेला. दुसऱ्या दिवशी दादांनी आउटलुक उघडलं आणि डावीकडची पट्टी बघून डोकंच फिरलं. मेल, कॅलेंडरची बटणं खालून उठून डाव्या कडेला उभी राहिलेली. आणि फोल्डरांचा क्रम पार गेलेला. आठ वर्षं त्यांनी हाताने लावलेला क्रम होता: सगळ्यात वर चालू ऑर्डर, मग चलन, मग क्वालिटी, मग पेमेंट. आता इनबॉक्सच कुठेतरी मधे, 'आय'च्या जागी. देवनागरीत नाव दिलेले दोन फोल्डर पार तळाला.

हे कशाने होतं सांगतो, कारण दहापैकी पाच जणांची रड हीच असते. फोल्डर टॅबवर 'शो ऑल फोल्डर्स ए टू झेड' नावाचं एक बटण आहे. ते दाबलेलं असेल तर सगळे फोल्डर अक्षरांप्रमाणे लागतात, इनबॉक्सचीही गय नाही. परत एकदा दाबा, बटण सुटतं, इनबॉक्स आणि त्याची मंडळी वर येतात आणि बाकीचे फोल्डर तुम्हाला हाताने सरकवता येतात. एक क्लिक. पण हे दादांना कुणी सांगितलं नव्हतं. बटण कुणी दाबलं कोण जाणे. त्यांनी काय केलं? माउसने फोल्डर धरून वर ओढायला सुरुवात केली.

आता गंमत बघा. ते बटण चालू असताना हाताने क्रम लागत नाही. तुम्ही फोल्डर ओढून दुसऱ्यावर सोडलात की तो त्याच्या वर नाही, त्याच्या *आत* जातो. 'क्वालिटी' असाच 'चलन'च्या पोटात गेला. 'चलन' मिटलेला होता, शेजारी बारीक बाण, तोही कोण बघतो? दादांना वाटलं, अपग्रेडमध्ये फोल्डर उडाला. दोन शिव्या दिल्या, आणि त्याच नावाचा नवीन फोल्डर केला. काम सुरू.

पण त्यांनी पूर्वी एक रूल लावला होता: गिऱ्हाईकांच्या क्वालिटी विभागाचे मेल आले की थेट 'क्वालिटी'त टाक. रूल फोल्डरचं नाव बघत नाही. तो तोच जुना फोल्डर ओळखतो, तुम्ही त्याला कुठेही नेऊन ठेवा. म्हणजे दोन महिने तक्रारी इनबॉक्सला न थांबता चलनच्या पोटातल्या जुन्या फोल्डरात पडत होत्या, आणि दादा रोज सकाळी नवा, कोरा, रिकामा फोल्डर बघून खूश होत होते.

"सर, वा वा म्हणत होतो मी. एक तक्रार नाही!"

फोल्डर शोधला कसा, ते नीट वाचा. आधी वरच्या सर्चमध्ये त्या कंपनीचा मेल पत्ता टाकला आणि शोध फक्त 'करंट फोल्डर'पुरता न ठेवता 'करंट मेलबॉक्स' केला. सापडले की मेल! त्यातला एक डबल क्लिक करून उघडला आणि कंट्रोल, शिफ्ट आणि एफ एकदम दाबलं. ॲडव्हान्स्ड फाइंडची खिडकी येते. त्यात 'ब्राउज' दाबा. फोल्डरांचं पूर्ण झाड उघडतं आणि हा मेल ज्या फोल्डरात आहे तो निवडलेला दिसतो. तिथेच दिसलं: चलनच्या खाली क्वालिटी, न वाचलेले १४ मेल.

त्यातला एक आपल्या पार्टीचा. माल पोचल्यापासून अकराव्या दिवशी आलेला. ६०० पैकी ३८ नगांचा बोअर साइज बाहेर, बदलून द्या, फोटो जोडलेत.

दादा गप्प. मीही गप्प.

कारण कायद्यातली पुढची ओळ मी त्यांना शिकवली होती, पण ती कुणाला आठवत नाही. मुदत मोजायची ती माल *स्वीकारल्याच्या* दिवसापासून. माल पोचल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाईकाने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस. पण १५ दिवसांच्या आत लेखी हरकत आली, तर ती हरकत तुम्ही दूर कराल तो दिवस धरायचा. अकराव्या दिवशी मेल आलेला. म्हणजे ज्या घड्याळाच्या जोरावर दादा व्याज लावायला निघाले होते, ते घड्याळ सुरूच झालं नव्हतं. आणि त्या पार्टीच्या बाजूने बघा ना: तक्रार केली, दोन महिने उत्तर नाही, आणि आता व्याजाची नोटीस! पुढची ऑर्डर मिळाली असती का?

असो. फोल्डरांकडे येऊ, कारण तुमच्याकडे बिघाड वेगळा असू शकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डावीकडे दिसते ती यादी. मेल तिथे राहत नाहीत. दुकानात फळीवरची मांडणी बदलली म्हणून गोडाऊनमधला माल जात नाही ना, तसंच. तुमचं गोडाऊन कुठे आहे ते माहीत हवं. मेल खातं पॉप पद्धतीने जोडलेलं असेल तर मेल तुमच्या पीसीवर एका पीएसटी फाइलमध्ये असतात, बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये. आउटलुकची पॉपची नेहमीची सेटिंग अशी की मेलची प्रत १४ दिवसांनी सर्व्हरवरून पुसली जाते. दादांचं असंच होतं. मोबाईलवर कंपनीचा मेल घेतलेला नाही, वेबमेल उघडून बघितलं तरी त्या मेलचा पत्ता नाही. एकच प्रत, एकाच पीसीवर. आयमॅप किंवा एक्स्चेंज असेल तर गोडाऊन सर्व्हरवर आहे. अशा वेळी घाबरण्याआधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा. तिथे फोल्डर दिसला म्हणजे मेल सुखरूप आहेत, भानगड फक्त दिसण्याची आहे.

आयमॅपवाल्यांची एक खास अडचण असते: वेबमेलमध्ये २० फोल्डर आणि आउटलुकमध्ये सहाच. खात्याच्या नावावर राइट क्लिक करा, 'आयमॅप फोल्डर्स' उघडा, 'क्वेरी' दाबा. जे फोल्डर 'सबस्क्राइब' केलेले नाहीत ते आउटलुक दाखवत नाही. हवे ते निवडून सबस्क्राइब करा, किंवा खाली 'फक्त सबस्क्राइब केलेले दाखव' अशा अर्थाची खूण आहे ती काढून टाका.

पट्टीच गायब झाली असेल तर ऑल्ट आणि एफ-१ दाबून बघा. फोल्डर आहे पण मेल कमी दिसताहेत? यादीच्या डोक्यावर 'ऑल' आणि 'अनरीड' असे दोन शब्द असतात, चुकून 'अनरीड'वर बोट गेलेलं असतं. (माझ्या स्वतःच्या ऑफिसात यावरून अर्धा दिवस गेलाय, सांगायला लाज वाटते.) एकाच मेलची उत्तरं एकमेकांत गुंडाळलेली दिसत असतील तर व्ह्यूमधलं 'शो ॲज कॉन्व्हर्सेशन्स' काढा. बाकी काही विचित्र दिसलं तर तिथलंच 'रीसेट व्ह्यू'. यातल्या कशानेही एकही मेल पुसला जात नाही. कॉम्प्युटरवाले कधी कधी 'रीसेट नॅव पेन' नावाची आज्ञा देतात, त्यानेही मेल जात नाहीत, पण फेव्हरिट्समध्ये लावलेले फोल्डर तिथून निघून जातात, तेव्हा आधी त्यांचा फोटो काढून ठेवा.

आणि हो, विंडोज ११ वर आउटलुक नावाचे दोन प्रोग्राम असू शकतात. एक 'आउटलुक (क्लासिक)', एक 'आउटलुक (न्यू)'. विंडोजचं जुनं मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं, त्याच्या जागी हे नवीन आलं. नाव एक, पण आतून दोन वेगळी दुकानं. नव्यात पीएसटी फाइल सुरुवातीला उघडतच नव्हती, ती सोय टप्प्याटप्प्याने येत गेली. क्लासिकमध्ये चालणारी बरीच जुनी ॲड-इन नव्यात चालत नाहीत. कोपऱ्यात 'न्यू आउटलुक' असं एक बटण दिसतं, कुतूहलाने दाबलं जातं, आणि मग "सर, सगळे जुने फोल्डर गेले!" गेले नाहीत हो, तुम्ही दुसऱ्या दुकानात शिरलात. बटण मागे सरकवा किंवा स्टार्टमध्ये जाऊन क्लासिक उघडा. माझं मत विचाराल तर, ज्यांचा सगळा जुना व्यवहार पीएसटीत आहे त्यांनी सध्या क्लासिकच वापरावं.

ऑफिस बदलायच्या आधी मी आता सगळ्यांना दोन कामं करायला लावतो. पूर्ण उघडलेल्या फोल्डर यादीचा मोबाईलवर फोटो, रूल्सच्या यादीचाही. आणि आउटलुक *बंद करून* पीएसटीची प्रत बाहेरच्या डिस्कवर. फाइल कुठे आहे ते फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्समध्ये दिसतं. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. निम्मी बिलं, ऑर्डरी जर मेलमध्येच असतील तर ती एक फाइल तुमच्या कपाटातल्या फायलींइतकीच मोलाची आहे. फोल्डरांच्या नावापुढे ०१, ०२ असे इंग्रजी आकडे टाकलेत तर 'ए टू झेड' कुणीही दाबो, तुमचा आपसातला क्रम तोच राहतो. आणि फोल्डर दिसत नाही म्हणून त्याच नावाचा नवीन करू नका. आधी शोधा.

दादांचं पुढे काय झालं? कडक मेल आम्ही लिहिलाच नाही. त्याऐवजी चार ओळींचा मेल गेला: तुमचा मेल आमच्याकडून बघायचा राहिला, चूक आमची, ३८ नग शुक्रवारपर्यंत बदलून देतो. मग दादांनी त्या विभागातल्या साहेबांना फोनही केला. साहेब आधी चांगलेच तडकले, आणि ते साहजिकच होतं. शुक्रवारी नग गेले. त्या चलनावर दादांनी पोच म्हणून सही आणि तारीख घेतली, कारण ४५ दिवस आता तिथून मोजायचे होते.

उरलेल्या १३ मेलांपैकी दोन तक्रारी अजून उघड्या होत्या. त्या सोडवायला पुढचे दोन आठवडे गेले. 'क्वालिटी' आता ०३ नंबर घेऊन बाहेर आलाय, आणि तो दुसरा रिकामा फोल्डर त्यांनी माझ्यासमोरच डिलीट केला.