पहिली होडी घेताना



आमचे काम उसाचे. तरीही उजनीच्या काठच्या गावांत लागणीच्या नोंदी घ्यायला गेलो की तरुण सभासद होडीबद्दल विचारतात. उसाचा पैसा वर्ष-दीड वर्षाने हाती येणार, तोवर जोडीला मासेमारी करावी, हा विचार चांगलाच आहे. पण एक ध्यानात ठेवा. बैल चुकीचा निघाला तर परत बाजारात नेता येतो. होडी चुकीची निघाली, तर ते मधल्या पाण्यात कळते.

उजनी धरण १९८० साली पुरे झाले. ११७ टीएमसीचा हा साठा, म्हणजे गावतळे नव्हे. उघड्या पाण्यावर वळवाचा वारा सुटला की घटकेत लाटा उठतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती होडी प्रवाशांची होती, पण वारा काही होडी ओळखून वाहत नाही.

म्हणून मासेमारीचा परवाना आधी, होडी नंतर. होडी बघायला जाताना जाणता मच्छीमार सोबत न्या आणि पुढील गोष्टी पाहा.

नवख्याने लांब, अरुंद, पळणारी होडी मागू नये. रुंद, सपाट बुडाची होडी जाळे ओढताना कमी डुलते. मात्र लाटांत तिला आपटे बसतात, तेव्हा ढग दिसताच काठ गाठावा.

पैसे मोजण्याआधी होडी उथळ पाण्यात उतरवा. दोन माणसे आणि जाळे-मासळीच्या वजनाची पोती तिच्यात ठेवा. मग दोघेही एकाच बाजूला सरका. कड पाण्याला टेकू लागली, तर ती होडी आपल्या कामाची नाही.

लाकडी होडीला दरवर्षी डागडुजी लागते, पत्र्याची गंजते. फायबरची हलकी व टिकाऊ, पण दगडावर घासली की चिरते. जुनी फायबरची घेत असाल तर बोटाने ठोकून पाहा. एखाद्या जागी पोकळ आवाज आला, तर आतले थर सुटलेले असण्याची शक्यता आहे. इंजिन बसवायच्या मागच्या फळीजवळ तडे आहेत का, तेही बघा.

उन्हाळ्यात पाणी मागे हटते. पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, तशी बुडालेली खोडे आणि भिंतीही वर येतात. काठाला चिखल होतो आणि होडी ओढत न्यावी लागते. घरच्या दोघा-तिघांना ओढवेल एवढ्याच वजनाची होडी घ्या.

इंजिनाची घाई नको. पहिला हंगाम वल्ह्यांवर, काठाकाठानेच काढा. वारा कोणत्या वेळी, कुठून येतो ते तोवर उमजेल.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. होडीच्या किमतीतच माणशी एक जीवरक्षक जॅकेट धरा. ते होडीत ठेवायचे नाही, अंगात घालायचे. बेण्याचा डोळा पारखून घेणारे आपण, होडीही तशीच पारखून घेऊ. उसाचे बिल घ्यायला घरचा माणूस घरी असला पाहिजे.