स्टेअरिंगचा प्ले आणि तेलाचा माग
महिंद्राच्या जुन्या जीपचा परिचय, तिच्या चासीखालून

तुळजापूर–नागपूर राष्ट्रीय महामार्ग लातूर, अहमदपूर ओलांडून लोह्यातून नांदेडला जातो. त्या रस्त्यावर कोणतीही गाडी चालते. खरी परीक्षा महामार्ग सोडल्यावर सुरू होते. मृगाचे दोन पाऊस पडले की काळ्या रानातली पाणंद चिखलाने भरते, चाकांवर मातीचे थर चढतात आणि ट्रॅक्टरखेरीज दुसरं वाहन पुढे सरकत नाही. अशा वाटांवर एके काळी तहसीलची, पोलिसांची, पाटबंधारे खात्याची जीप जायची. पुढे त्यातल्या कित्येक गाड्या सरकारी लिलावातून शेतकऱ्यांकडे आणि ठेकेदारांकडे आल्या. आजही एखाद्या आखाड्यावर ताडपत्रीखाली अशी जीप उभी दिसते. तिच्याबद्दल विचारलं की दोनच तक्रारी ऐकू येतात: स्टेअरिंग लई फिरवावं लागतं, अन् खालून तेल गळतं. त्यापाठोपाठ उत्तरही येतं: जुनी गाडी हाय, चालायचंच.

या ‘चालायचंच’ला माझा विरोध आहे. स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे चाक न वळता स्टेअरिंगचं मोकळं फिरणं, आणि तेलाची गळती हे वयाचे दोष नव्हेत. प्रत्येक ढिलाईला एक जागा असते आणि प्रत्येक थेंबाला एक कारण. या यंत्राचं मोठेपण असं की ती जागा आणि ते कारण लोह्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या गॅरेजमध्येही शोधता येतं.

माझगावपर्यंतचा प्रवास

जीपचा जन्म घाईतला. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी केली. बॅन्टम या छोट्या कंपनीने त्याच सप्टेंबरात पहिला नमुना दिला. पुढे मोठ्या संख्येने उत्पादन केलं ते विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनी. महायुद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. विलीजच्या गाडीला जोर दिला तो बार्नी रूस यांनी सुधारलेल्या ‘गो-डेव्हिल’ इंजिनाने.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. त्या दशकाच्या अखेरीस परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जोडणी मुंबईत माझगावला होऊ लागली. नंतर जीप इथेच घडू लागली.

आपल्याकडे सर्वांत जास्त ओळखीची झाली ती सीजे-३बी. विलीजने ती १९५३ मध्ये आणली. तिच्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर बसवला होता आणि बाहेर सोडणारा ब्लॉकमध्ये खाली. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्यासाठी बॉनेटही उंच करावं लागलं. हे उंच कपाळ हीच तिची खूण. अमेरिकेत ही गाडी १९६८ मध्ये थांबली; महिंद्राने मात्र ती आणि तिच्या पुढच्या पिढ्या नंतरची कित्येक वर्षं बनवल्या. पुढे प्यूजोच्या रचनेचं डिझेल इंजिन आलं, एमएम ५४० आली, कमांडर आली, आणि काळी-पिवळी होऊन तिने गावोगावची माणसं बाजाराला नेली.

इतकी वर्षं ही गाडी टिकली, कारण तिचा आराखडा रणांगणातल्या दुरुस्तीसाठी होता. शिडीसारखी चासी, पाट्यांच्या स्प्रिंगा, दोन भरीव अॅक्सल, नटबोल्टने उघडणारे डबे. मेकॅनिकला हाताने आणि डोळ्याने जे कळतं, तेवढ्यावर ती दुरुस्त होते.

प्ले कुठून येतो

सीजे-३बीच्या स्टेअरिंग कॉलमच्या खालच्या टोकाला रॉस कंपनीच्या रचनेचा बॉक्स असतो. त्यात नागमोडी खाच असलेला कॅम फिरतो आणि त्या खाचेत आडव्या दांड्याच्या दोन निमुळत्या पिना चालतात. कॅम फिरला की दांडा झुलतो, त्याच्या टोकाचा ड्रॉप आर्म पुढे-मागे होतो, तिथून ड्रॅग लिंक पुढच्या भागात मध्यावर असलेल्या बेलक्रँकपर्यंत जाते आणि बेलक्रँकमधून दोन टाय रॉड दोन्ही चाकांकडे निघतात. म्हणजे चालकाचा हात आणि चाक यांच्यात बॉक्स, ड्रॅग लिंकचे दोन सांधे, बेलक्रँकची पिन, टाय रॉडचे चार बॉल जॉइंट आणि किंग पिनची बेअरिंगं एवढे टप्पे येतात. प्रत्येक ठिकाणी थोडी झीज झाली तरी त्यांची बेरीज चालकाच्या हाताला जाणवते.

पुष्कळदा दोष एकट्या बॉक्सवर ढकलला जातो आणि त्याच्या बाजूचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळला जातो. हा सर्वांत महाग पडणारा उपाय. कॅमची खाच मुद्दाम मध्यभागी थोडी तंग ठेवलेली असते, कारण गाडी सरळ चालताना प्ले नको असतो. झिजलेला कॅम मध्यावर सैल होतो. तिथे स्क्रू आवळला की वळणावर, जिथे झीज कमी, तिथे पिना अडकतात आणि उरलेला कॅमही खराब होतो. वळणाच्या रस्त्यावर स्टेअरिंग अडकणं म्हणजे थेट जिवाशी खेळ.

योग्य पद्धत साधी आहे आणि तिला दोन माणसं लागतात. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी थांबून राहते, तिथे झीज आहे. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवायचं. हालचाल जाणवली तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर ती थांबली तर हब बेअरिंग सैल. तरीही राहिली तर किंग पिनची बेअरिंगं. किंग पिनची तंगी पातळ पत्र्याच्या शिमा काढून-घालून जुळवतात. ती सैल राहिली तर ठरावीक वेगाला पुढची चाकं थडथडू लागतात.

भाग नवे झाल्यावर कोन येतात. मूळ मापं स्पष्ट आहेत: कॅस्टर ३ अंश, कॅम्बर दीड अंश आणि टो-इन इंचाच्या ३/६४ ते ३/३२ इतका. पाट्या बसल्या किंवा अॅक्सल वाकला की कॅस्टर बदलतो आणि गाडी सरळ धरत नाही. मूळ टायर ६.००–१६ मापाचा, अरुंद. आज हौसेने रुंद टायर लावले जातात. त्यांचा सगळा भार याच सांध्यांवर पडतो, म्हणून झिजलेल्या स्टेअरिंगवर रुंद टायर चढवू नयेत.

पॉवर स्टेअरिंग: आधी काय, नंतर काय

चिखलात चाक रुतलं असताना स्टेअरिंग फिरवणं हे खांद्यांचं काम आहे. म्हणून दुसऱ्या महिंद्रा गाडीचा पॉवर स्टेअरिंग बॉक्स आणि पंप आणून जीपला बसवणं सर्रास चालतं. नीट केलं तर हा बदल खरोखर उपयोगी आहे, विशेषतः वयस्कर चालकाला. पण तो झीज झाकण्याचा उपाय नाही. तेलाच्या दाबाचा जोर झिजलेल्या बॉल जॉइंटवर आला की तो सांधा आणखी लवकर जातो आणि हलकं स्टेअरिंग झिजेचा इशारा हाताला पोहोचू देत नाही. आधी सांधे, मग बॉक्स, हाच क्रम.

तीन गोष्टी सोडून चालत नाहीत. पहिली चासी. नव्या बॉक्सचा रेटा जुन्या पट्टीवर नव्या जागी येतो. तिथे जाड पत्रा लावून मजबुती दिली नाही तर बोल्टच्या भोकांपाशी तडा जातो. दुसरी ड्रॅग लिंकची रेषा. ती चुकली तर खड्ड्यात अॅक्सल वर-खाली होताना स्टेअरिंग स्वतःहून ओढलं जातं. तिसरी पंपाची पुली. ती इंजिनाच्या पुलीच्या सरळ रेषेत नसेल तर पट्टा निसटतो आणि स्टेअरिंग एका क्षणात जड होतं. ड्रॉप आर्म किंवा टाय रॉड वेल्डिंगने जोडणं कोणत्याही कारणाने करू नये. जोड सुटला तर चाक चालकाच्या ताब्यात राहत नाही.

थेंबाचा माग

काळ्या मातीच्या मुलखात गळती शोधणं अवघड असतं. तेलावर धूळ बसते, चिखल चढतो, उन्हात तो कडक होतो आणि सगळं खालचं अंग एकसारखं काळं दिसतं. म्हणून पहिलं काम धुण्याचं: डिझेलचा ब्रश, मग पाण्याचा मारा. कोरडं झाल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारायची आणि गाडी काही किलोमीटर चालवून आणायची. पावडरीवर ओल उमटते ती उगमाची जागा. वारा तेलाला मागे नेतो, त्यामुळे थेंब पडतो तिथून गळती सुरू झालेली नसते. कोणतं तेल तेही पाहायचं: इंजिनाचं पातळ आणि काळं, गिअरचं जाड आणि गंधकाच्या उग्र वासाचं.

सील बदलण्याआधी ब्रीदर उघडायचा. गिअरबॉक्स आणि अॅक्सल चालताना तापतात, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. चिखलाने तो बुजला की हवा सीलमधून वाट काढते आणि तेल सोबत नेते. इंजिनातही असंच. चेंबरमधला दाब बाहेर नेणारा व्हॉल्व्ह तुंबला की चांगलं पॅकिंगही गळू लागतं. ब्रीदर न उघडता सील बदललं तर नवं सीलही गळतं आणि दोष सीलच्या कंपनीवर जातो.

दुसरी तपासणी पातळीची. या जीपचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस पाठीला पाठ लावून असतात आणि मधल्या बेअरिंगमधून तेल इकडून तिकडे उतरतं. ट्रान्सफर केस भरून गळते आणि त्याच वेळी गिअरबॉक्स कोरडा पडत जातो. खालची गळती पाहून नुसतं तेल ओतत राहणारा मालक एके दिवशी गिअरचे दात गमावतो. दोन्ही बुच उघडून दोन्ही पातळ्या पाहायच्या. तेल निवडतानाही काळजी हवी: जीएल-५ प्रकारातली काही तेलं पितळी भागांना खातात, म्हणून सिंक्रो असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ बरं.

तिसरी गोष्ट शाफ्टची. सील वर्षानुवर्षं एकाच जागी घासून शाफ्टवर चर पाडतं. त्या चरावर नवं सील बसवलं तरी ओठ टेकत नाही. शाफ्टवर पातळ बाही चढवावी किंवा लेथवर जागा दुरुस्त करून घ्यावी. इंजिनाच्या मागच्या मेन सीलची गोष्ट वेगळी: जुन्या इंजिनात ते दोरीच्या पॅकिंगचं असतं आणि त्यातून किंचित ओल येणं रचनेतच आहे. थेंब पडू लागले तरच चेंबर खोलावा.

काही गळत्या मात्र एक दिवसही चालू ठेवू नयेत. ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर या गाडीचा हँडब्रेकचा ड्रम असतो. तिथलं सील गेलं की तेल ड्रमात उतरतं आणि चढावर हँडब्रेक धरत नाही. अॅक्सलच्या टोकाचं सील गेलं तर गिअर ऑईल ब्रेकच्या लायनिंगवर येतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला माणसं भरून जाणाऱ्या गाडीचा मालक या दोन सीलांचा खर्च पुढे ढकलत असेल तर तो आपल्याच माणसांना धोक्यात घालतो.

कायदा आणि मूळ रूप

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूलभूत बदल करण्यावर निर्बंध आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही वेगळी नोंदणी आणली. तिच्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात आणता येत नाही. म्हणून पॉवर स्टेअरिंगसाठी चासी कापण्याआधी मालकाने ठरवावं: गाडी शेतात राबणार की वारसा म्हणून जपायची? राबणार असेल तर बदलाआधी आरटीओत विचारावं. जपायची असेल तर मूळ बॉक्स दुरुस्त करावा. सांधे नवे असतील तर तो आजही उत्तम चालतो.

या कामाला पैशांपेक्षा क्रम आणि सबुरी जास्त लागते. तो क्रम जाणणारी माणसं अजून नांदेड, लातूर, लोहा, अहमदपूरच्या गॅरेजांत आणि लेथवर आहेत. त्यांनी हे ज्ञान वहीतून नव्हे, हाताखाली राबून मिळवलं. आज त्यांच्याकडे येणारी पोरं संगणकाला जोडलेल्या गाड्या शिकतात, ते योग्यच आहे. पण त्या पोरांना एकदा तरी जीपखाली झोपवावं आणि प्ले कुठे आहे ते हातानेच शोधायला सांगावं. दोष अंदाजाने न सांगता शोधून सांगायची सवय तिथे लागते, आणि ती सवय पुढे कोणत्याही यंत्रावर त्यांच्या कामाला येते.